भोरड्या निघाल्या माहेरी

होळीच्या आधीच्या आठवड्यातली पहाट. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरेक किलोमीटर गेलं की भिगवण, तिथून आत वळलं की इंदापूर तालुक्यातलं कुंभारगाव. उजनी धरणाच्या पाण्यावर धुकं होतं, होडीच्या फळीला चिलापीचे खवले चिकटले होते आणि होडीवाले मामा निवांत तंबाखू मळत होते. मी विचारलं, "मामा, ते डोक्यावर पट्टे असलेले हंस आहेत का अजून?"

"परवापातुर हुते की. काल काय दिसले न्हाईत. गेले वाटतं."

गेले वाटतं! परतीच्या हंगामाची सगळी गंमत त्या दोन शब्दांत आली. दिवाळीच्या सुमारास पक्षी येतात तेव्हा बातम्या होतात, फोटो झळकतात, व्हॉट्सॲपवर 'आले रे आले' चालतं. जाताना मात्र कुणी सांगून जात नाही. युरोपात वसंत म्हणजे पाहुणे यायचे दिवस, पहिली भिंगरी दिसली की तिकडे पेढे वाटायचेच बाकी ठेवतात. आपला वसंत उलट्या दिशेचा. माघ सरला की बांधाबांध सुरू, पाडव्यापर्यंत बदकांचं अर्धं गाव रिकामं. तेव्हा उजनीच्या काठावर बसून निरोपाच्या मोसमातल्या या चार चटकदार गोष्टी.

गोफण इकडे, घरकुल तिकडे

सुरुवात भोरडीपासून, कारण ती माझी लाडकी. शेतकरी तिला भोरडी म्हणतात, पुस्तकं गुलाबी मैना म्हणतात आणि तिसरं नाव सगळ्यात सुरेख, पळसमैना. पळस फुलला की ही त्यावर हजर. त्या दिवशी काठावरच्या एका पळसावर पन्नासएक तरी असतील. पान एक नाही, सगळी फुलंच, आणि त्या केशरी गर्दीत काळी डोकी खुपसलेली. एकीनं डोकं बाहेर काढलं तर कपाळावर हळद लावावी तसे पिवळे पराग. आवाज म्हणाल तर आठवडी बाजार. मधूनच एखादी दुसरीला फुलावरून ढकलते, मग दोघी भांडतात, तेवढ्यात तिसरी मध पिऊन मोकळी.

तिच्या गुलाबी रंगाचं एक गुपित आहे. हिवाळ्यात ती मळकट दिसते, कारण पिसांची टोकं फिकट तपकिरी असतात. ही टोकं हळूहळू झिजतात आणि मार्च येईपर्यंत खालचा गुलाबी उजळून वर येतो. नवा कपडा नाही की काही नाही. जुनाच घासून घासून चकचकीत!

जानेवारी-फेब्रुवारीत शाळू हुरड्यात येतो, तेव्हा मात्र हिचं नाव शिवीसारखं घेतात. 'भोरड्या पडल्या' हे वाक्य शिवारात 'दरोडा पडला' या थाटात म्हटलं जातं. हजारोंचा थवा एका कणसाळलेल्या शेतात उतरला की मालकाच्या पोटात गोळा येतो. मग माळ्यावर उभं राहून गोफण गरगरवायची, पत्र्याचे डबे बडवायचे, हाकारे द्यायचे. आता गंमत ऐका. हीच भोरडी उन्हाळ्यात मध्य आशियात जाते, आणि चीनच्या शिनज्यांग प्रांतात तिच्यासाठी माणसं दगडविटांची घरटी बांधून ठेवतात! कारण तिकडे ती टोळ आणि नाकतोडे फस्त करते, कुरणं वाचवते. इंदापुरात गोफणगुंडा, शिनज्यांगमध्ये घरकुल योजना. पक्षी तोच.

आणि तिला 'पाहुणी' म्हणायचं का, याचाही एकदा विचार व्हावा. एप्रिलमध्ये ती जाते. तिकडच्या गवताळ माळांवर टोळांचं पीक आलं की घाईघाईनं दगडांच्या कपारीत घरटं, अंडी, पिल्लं. जुलै संपतो न संपतो तोच पहिले थवे पश्चिम भारतात परत. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने मुक्काम आपल्याकडे आणि तिकडे फक्त बाळंतपण. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी जाते, चार महिन्यांनी बाळाला घेऊन परत येते. तिला आपण सासरची पाहुणी म्हणतो का? भोरडीचं माहेर कझाकस्तान-तुर्कस्तानाकडचं, पण रेशनकार्ड बहुधा इंदापूर तालुक्याचंच.

जाण्यापूर्वी संध्याकाळी त्यांचा आकाशातला खेळ एकदा पाहाच. हजारो पक्षी एखादी चादर झटकावी तसे वळतात, फुगतात, आक्रसतात, आणि कुणी कुणाला धडकत नाही. रोममध्ये यांच्याच जातभाईंवर कॅमेरे रोखून भौतिकशास्त्रज्ञांनी २००८मध्ये दाखवून दिलं, की थव्यातला प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या फक्त सहा-सात शेजाऱ्यांकडे लक्ष ठेवतो. थवा हजारांचा असो की लाखाचा, सांभाळायचे शेजारी तेवढेच. त्या कामात असलेल्या जॉर्जिओ पारिसींना २०२१मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ते काही मैनांसाठी नव्हतं, पण लोकलच्या गर्दीत रोज धक्के खाणाऱ्यांनी मैनांनाच दिलं असतं.

चार कळसूबाई, वर थोडी आणखी

मामांना विचारलेले ते 'पट्टेवाले' म्हणजे पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे, जणू वेष्टन बांधताना दोरी दोनदा फिरवली. हिवाळाभर हे उजनीच्या काठावरच्या हरभऱ्या-गव्हाचे कोंब खुडतात, दुपारी पाण्याकाठी एका पायावर पेंगतात. बघून वाटतं, हे काय उडणार! आणि हेच महाशय मार्चमध्ये हिमालय ओलांडतात.

अंगावर यंत्र बसवून पाहिलेल्या पक्ष्यांपैकी एकानं गाठलेली उंची होती ७,२९० मीटर. कळसूबाई १,६४६ मीटर. चार कळसूबाई एकावर एक रचा, तरी हा त्यांच्या डोक्यावरून जाईल. एव्हरेस्टवरून उडतात ही दंतकथा फार जुनी आणि फार आवडती, पण यंत्रांनी सांगितलेली हकिकत जास्त शहाणपणाची आहे. हे पक्षी शक्यतो दऱ्याखिंडींतून जातात. एकदा उंची गाठली की तिथेच टिकून राहत नाहीत. डोंगर उतरला की तेही उतरतात, चढला की चढतात. वरच्या विरळ हवेत पंख मारणं इतकं महाग पडतं की उतरून पुन्हा चढणं स्वस्त. घाटात गाडी चालवणाऱ्याला हे सांगायला नको. शिवाय निघायचं रात्री किंवा भल्या पहाटे, कारण थंड हवा दाट असते. वाऱ्याच्या पाठबळाची वाट बघत नाहीत. सपाटीवरून उठून हिमालयाची चढण सात-आठ तासांत. बहुतेक वेळ पंख मारत, घारीसारखं तरंगत नाही.

रक्तही त्यांचं वेगळं. हिमोग्लोबिनमध्ये असा बदल आहे की थोडका प्राणवायूही ते घट्ट धरतं. फुप्फुसं इतर हंसांपेक्षा मोठी, श्वास खोल. या पक्ष्यांचा अभ्यास करायला जेसिका मायर नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी अंड्यातून बाहेर पडल्यापासून पट्टकादंबाची पिल्लं सांभाळली. पिल्लं त्यांनाच आई समजायची, त्यांच्या मागोमाग चालायची. मग तोंडाला छोटा मुखवटा बांधून, कमी प्राणवायू देऊन, वाऱ्याच्या बोगद्यात त्यांना उडवलं. या आईचं पुढे काय झालं? ती अंतराळवीर झाली, आणि ऑक्टोबर २०१९मध्ये फक्त स्त्रियांनी केलेल्या पहिल्या अंतराळ-चालीतल्या दोघींपैकी एक होती. पिल्लांपेक्षा आई उंच गेली, अशी ही बहुधा एकच केस.

कालिदासालाही हंस ठाऊक होतेच. 'मेघदूता'त राजहंस कमळाच्या देठांची शिदोरी घेऊन मानसरोवराकडे निघतात, पण ते पावसाच्या तोंडावर. उजनीचे एवढे थांबत नाहीत, आषाढाच्या कितीतरी आधी घरी पोचलेले असतात. शिदोरीचं मात्र कवीनं बरोबर ओळखलं. फक्त ती चोचीत नसते, कातडीखाली चरबी होऊन साठलेली असते. आपल्या हरभऱ्याची!

सगळेच सायबेरियाचे कसे?

वर्तमानपत्रात फ्लेमिंगोचा फोटो आला की खाली 'सायबेरियाहून आलेले पाहुणे' असं हमखास छापलेलं असतं. साहेब, उजनीवरचा फ्लेमिंगो, म्हणजे रोहित, सायबेरियाचा नाही. त्याची प्रसिद्ध वसाहत कच्छच्या रणात आहे, तिथे चिखलाचे बुटके स्टूल बांधून त्यावर एकेक अंडं घालतात. म्हणजे हा गुजरातचा माणूस, धंद्याला इकडे येतो. त्याला निघायची घाईही नसते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरतं, चिखल उघडा पडतो, तेव्हा त्याची खरी पंगत. डोकं उलटं करून, वरची चोच खाली धरून तो चिखलपाणी गाळतो. रंगही याच खाण्यातून येतो. पिल्लू राखाडी जन्मतं आणि गुलाबी व्हायला काही वर्षं जातात. पायाचं 'गुडघ्यात उलटं वाकणं' हीदेखील नजरचूक, तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पोटाच्या पिसांत लपलेला.

 

सायबेरियाचं नाव एवढं का रुजलं? भरतपूरला येणारा सायबेरियन करकोचा फार गाजला होता म्हणून. तो तिथे शेवटचा दिसला २००१-०२च्या हिवाळ्यात. करकोचा गेला, विशेषण मागे राहिलं आणि मिळेल त्या पक्ष्याला चिकटलं.

खरा सायबेरियाकडचा पक्षी बघायचाय? होडी थांबवा आणि रोहितांच्या पायांशी बघा. चिखलावर उंदरासारखे तुरुतुरु पळणारे भुरे ठिपके दिसतील. हा छोटा टिलवा. वजन पंचवीस-तीस ग्रॅम, म्हणजे मूठभर शेंगदाणे. घरटं ध्रुवाजवळच्या टुंड्रात, सायबेरियाच्या उत्तर टोकाला. हजारो किलोमीटर तो जाणार आहे आणि त्याचा फोटो कुणीही काढत नाही. मीही कधी काढलेला नाही, हे कबूल.

कानात डूल, डोक्यात कॉफी

परतीच्या वेळी पक्षी ओळखणं अवघड होतं, कारण लग्नाचे कपडे चढलेले असतात. उजनीवरचा तपकिरी डोक्याचा कुरव घ्या. डिसेंबरात याचं डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक काळा ठिपका, जणू कानात डूल. तेव्हा नवखा माणूस विचारतो, 'तपकिरी डोकं कुठाय?' मार्चमध्ये बघा. होडीच्या कडेला हातभर अंतरावर एक तरंगत आला. डोकं फिल्टर कॉफीत बुडवून काढल्यासारखं, मानेशी कॉफीची काळसर कड, आणि त्यात पांढरट डोळा. शेजारच्याचं डोकं अजून अर्धवट, पांढऱ्यावर तपकिरी डाग, रंगारी मधेच जेवायला गेल्यासारखं.

हे सगळे तिबेटच्या पठाराकडे आणि लडाखच्या सरोवरांकडे जाणार. तोवर होड्यांमागे घिरट्या घालतात, कारण पर्यटक शेव-फरसाण उडवतात. फोटो झकास येतात. पण ज्याला हिमालय ओलांडायचाय त्याला तळकट फरसाणाची शिदोरी देणं हा पाहुणचार नव्हे. मामांना सांगितलं तर म्हणाले, "आमी सांगतो, पर ऐकतंय कोण?"

चक्रवाक मात्र कपड्यांच्या भानगडीत फारसा पडत नाही. तो मुळातच नारिंगी-सोनेरी, नराच्या गळ्यात फक्त एक काळी रेघ चढते. जुन्या काव्यांत हे जोडपं रात्री नदीच्या दोन काठांवर विरहात ओरडत बसतं. यंत्रांनी दिलेली बातमी अशी, की हा विरही जीव ६,८०० मीटर उंचीवरून उडताना नोंदवला गेलाय. हिंदीत 'सुर्खाब के पर' म्हणतात ते याचेच. गुजरातीत मात्र सुरखाब म्हणजे फ्लेमिंगो! त्यामुळे सुरतेचा पाहुणा सुरखाब दाखवा म्हणाला, तर आधी भाषा विचारून घ्या.

धोब्यांतला एक घरमालक

शेपटी आपटत पाण्याकाठी चालणारे धोबी, म्हणजे परीट, थंडीत सगळीकडे असतात. गच्चीवर, क्रिकेटच्या मैदानावर, कवडीपाटला मुळा-मुठेच्या फेसात आणि प्लॅस्टिकच्या ढिगातसुद्धा. पुणेकरांनी नदीचं जे केलंय ते पाहूनही हे दरवर्षी येतात, याचं मला नवल वाटतं आणि लाजही. पिवळा धोबी मार्चमध्ये लिंबाएवढा पिवळा होतो आणि निघतो. करडा निघतो, पांढरा निघतो. पण ज्याची भुवई ठळक पांढरी आणि बाकी डोकं-पाठ काळी कुळकुळीत, तो मोठा धोबी कुठेच जात नाही. जगातल्या धोब्यांत आकारानं सगळ्यात मोठा, आणि पक्का भारतीय. बाकी भाडेकरू, हा घरमालक.

तसंच कोकिळेचं. 'वसंत आला, कोकिळा आली' असं आपण म्हणतो. ती आलेली नसते. वर्षभर त्याच वडावर गप्प बसलेली असते. ओरडायला लागतो तो काळाभोर नर, ती नव्हे. ती ठिपकेवाली, आणि तिचा आवाज कर्कश. पाडव्याच्या शुभेच्छापत्रांत मात्र मान तिलाच.

रात्रीची गाडी

आता मूळ मुद्दा. जाताना दिसत का नाहीत? कारण बहुतेक छोटे पक्षी रात्री निघतात. दिवसभर खायचं, अंधार पडला की उडायचं. हवा थंड, शिक्रा-ससाण्यांची भीती कमी, आणि वाट दाखवायला तारे.

निघायची वेळ झाली हे त्यांना दिवसाच्या लांबीवरून कळतं. फाल्गुनात दिवस मोठा होऊ लागला की अंगात बदल सुरू होतात, भूक वाढते, चरबी चढते. पिंजऱ्यातल्या स्थलांतरी पक्ष्यालाही या दिवसांत रात्री झोप येत नाही, तो उड्या मारत राहतो. जर्मन लोकांनी या तगमगीला खास शब्द केला, त्सुगउनरूहे. आपल्याकडे याला 'गावाची ओढ' म्हणतात. शिमग्याच्या आधी परळच्या चाळीतल्या कोकणी माणसात ती साध्या डोळ्यांनी दिसते.

ही तगमग कोणत्या दिशेची, हे शोधायची युक्ती तर फारच गोड. १९६०च्या दशकात अमेरिकेत एमलेन पितापुत्रांनी कागदाचं नरसाळं केलं, तळाशी शाईची गादी ठेवली आणि पक्ष्याला आत सोडलं. पक्षी शाईत पाय बुडवून ज्या दिशेला उड्या मारेल तिकडे कागदावर पायांचे ठसे. सकाळी कागद उलगडला की उत्तर तयार. पुढे मुलानं, म्हणजे स्टीफन एमलेननं, कृत्रिम तारांगणात हाच खेळ करून दाखवलं, की हे पक्षी लहानपणीच आकाशाचा न फिरणारा बिंदू, आपला ध्रुव, ओळखायला शिकतात. ध्रुवबाळाची गोष्ट त्यांनाही कुणीतरी सांगत असणार.

आणि हे सगळं करणाऱ्याचा आकार? आमच्या सोसायटीतल्या आंब्यावर थंडीभर एक हिरवा वटवट्या असतो. पानात पान होऊन फिरतो, दिसत नाही, नुसता 'चिस्वी' ऐकू येतो. याचं वजन सात-आठ ग्रॅम. दहा रुपयांचं नाणं हातात घ्या. तेवढंच. ते नाणं रात्री उडतं, ताऱ्यांकडे बघत हिमालयापर्यंत किंवा त्याही पलीकडे जातं, आणि मोहोर झडून कैऱ्या धरेपर्यंत आपल्या लक्षातही येत नाही, की अरे, चिस्वी बंद झालं.

धरण उघडं पडतं तेव्हा

पक्षी जातात तसतशी उजनी स्वतः बदलत जाते. हे पाणी १९८०चं, त्याआधी इथे भीमेकाठची गावं होती. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की पळसदेवचं बुडालेलं देऊळ डोकं वर काढतं, आणि पक्ष्यांसाठी आलेली होडी देवळासाठी वळते. मामांचा हंगाम लांबतो. शेकाट्या तेवढ्यात देवळाच्या आसपासच्या चिखलात लाल काड्यांसारखे पाय टाकत हिंडतो. तो घरचाच, त्याला कुठे जायचं नाही.

या सगळ्यांना मराठीत इतकी नावं आहेत, याचं बरंच श्रेय मारुती चितमपल्लींना. रानोमाळ हिंडून, आदिवासींकडून, फासेपारध्यांकडून त्यांनी शब्द गोळा केले, आणि नसतील तिथे घडवले. कावळ्यांच्या वस्तीला 'काकागार', बगळ्यांच्या वस्तीला 'सारंगागार'. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून तो आठवडा राज्याचा पक्षी सप्ताह. म्हणजे तोही पक्षी यायच्या दिवसांत. जायच्या दिवसांसाठी सप्ताह नाही, पंधरवडा नाही, काही नाही.

तारीख लिहा

खरी अडचण अशी, की 'पहिला दिसला' ही तारीख त्या दिवशीच कळते. 'शेवटचा दिसला' ही तारीख नंतर कळते, आणि तोवर आपण ती विसरलेलो असतो. म्हणून आगमनाच्या नोंदी पुष्कळ आणि परतीच्या तुटपुंज्या. २००७मध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंटवॉच' या उपक्रमानं सामान्य लोकांकडून दोन्ही मागितल्या होत्या. आता ई-बर्डवर कुणालाही रोज टाकता येतात. दिवस तापू लागला की पक्षी आठवडाभर आधी निघतात का, हे सांगायला याच शेवटच्या तारखा लागणार आहेत.

उपाय फार सोपा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता ना, त्याच चौकोनात पक्ष्याचं नाव लिहा. एकच पक्षी निवडा, घराजवळचा. दिसला की खूण, नाही दिसला की काही नाही. पंधरा दिवस खूण झाली नाही की मागे जाऊन शेवटच्या खुणेभोवती गोल करा. आमच्या गच्चीवरचा पांढरा धोबी गेल्या वर्षी शेवटचा दिसला तो २९ मार्चला. त्या दिवशी दूध दोन लिटर घेतलं होतं.